हातोडा, सही आणि मूळ संख्या

मोठी मूळ संख्या दिसायला इतर कोणत्याही मोठ्या संख्येसारखीच असते. १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला दुसरी कोणतीही संख्या निःशेष भागत नाही ती मूळ संख्या, ही शाळेच्या पुस्तकातली व्याख्या ३०९ अंकी संख्येलाही जशीच्या तशी लागू पडते. बदलते ते पडताळ्याचे काम. ९७ मूळ आहे हे २, ३, ५ आणि ७ यांनी भागून पाहिले की कळते, कारण त्यापुढच्या ११ चा वर्गच १२१ होतो. ३०९ अंकी संख्येला हीच रीत लावायची तर सुमारे १५५ अंकी भाजकांपर्यंत जावे लागेल, आणि तेवढे भागाकार करायला विश्वाचे आजवरचे वयही अपुरे पडेल. अंकांवर नजर टाकून फारसे काही हाती लागत नाही. शेवटचा अंक सम किंवा ५ असेल, अंकांची बेरीज ३ ने भागली जात असेल, तर संख्या बाद ठरते. त्यापुढे डोळ्यांचा उपयोग संपतो.

अंकांच्या रचनेचे वेड महाराष्ट्राला परके नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी एका रेल्वे स्टेशनाच्या नावावरून ज्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटले त्यांत ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ अशी देखणी उदाहरणे येतात. यांतल्या ११, १११ यांसारख्या नुसत्या १ या अंकाने बनलेल्या संख्यांहून शिस्तशीर रचना दुसरी नसेल. तरीही त्यांतल्या मूळ कोणत्या, याला काही शिस्त दिसत नाही. ११ मूळ आहे. त्यानंतरची १९ एकांची, मग २३ एकांची, आणि त्यापुढची थेट ३१७ एकांची. एकांची संख्या स्वतः मूळ नसेल तर ती लांबलचक संख्याही मूळ नसते, एवढाच नियम सांगता येतो, आणि तोही उलट्या बाजूने टिकत नाही: १११ म्हणजे ३ गुणिले ३७.

मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. त्या विरळ मात्र होत जातात. १०० पर्यंत २५ आहेत, म्हणजे चारांत एक. १,००० पर्यंत १६८. दहा लाखांपर्यंत ७८,४९८, म्हणजे साधारण तेरांत एक. हे विरळ होणे किती संथ आहे ते १८९६ साली आदामार आणि द ला व्हाले पूसँ या दोघांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यांच्या प्रमेयाप्रमाणे ३०९ अंकी संख्यांच्या परिसरात सुमारे ७१० संख्यांमागे एक मूळ असते. सम संख्या वगळल्या तर ३५५ मागे एक. त्यामुळे इतकी मोठी मूळ संख्या मिळवणे हे दुर्मीळ रत्न शोधण्यासारखे काम नाही. यदृच्छेने विषम संख्या उचलत जावे आणि प्रत्येक तपासावी. काही शे प्रयत्नांत एक सापडते. या आकाराच्या मूळ संख्यांची एकूण मोजदाद सुमारे १ वर ३०६ शून्ये इतकी होते. दोन माणसांनी योगायोगाने एकच संख्या उचलण्याची भीती उरत नाही, अर्थात निवड खरोखर यदृच्छेने झाली असेल तर. या ‘तर’कडे पुढे परत यावे लागणार आहे.

प्रत्येक संख्या तपासावी असे म्हणणे सोपे. पण भागाकार न करता तपासायचे कसे? याची किल्ली फर्माने १६४० साली दिली. क ही मूळ संख्या असेल आणि तिच्या पटीत नसलेली कोणतीही संख्या घेऊन तिचा (क – १) वा घात केला, तर त्याला क ने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. २ चा १० वा घात १०२४. ११ ने भागले की बाकी १. तेच १५ बाबत करून पाहावे: २ चा १४ वा घात १६,३८४, आणि १५ ने भागल्यावर बाकी ४. म्हणजे १५ मूळ नाही. या पडताळ्यात १५ चे अवयव ३ आणि ५ आहेत हे कळलेच नाही, आणि तरी निकाल लागला, ही त्यातली खरी गंमत आहे. एखादी संख्या फुटते हे कळणे आणि ती कशाकशात फुटते हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या मूळ संख्यांचा सगळा व्यवहार या दोहोंमधल्या अंतरावर चालतो.

फर्माच्या कसोटीला फसवणाऱ्या संख्याही आहेत. ५६१ म्हणजे ३ गुणिले ११ गुणिले १७. पण तिच्याशी सामाईक अवयव नसलेली कोणतीही संख्या घेऊन कसोटी लावली तरी ती मूळ असल्याचे सोंग वठवते. असे सोंगाडे अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. मिलर आणि राबिन यांनी १९७०–८० च्या काळात कसोटी अधिक कडक केली. तिच्या एका फेरीत संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता चारांत एकाहून जास्त नसते, आणि वीस फेऱ्यांनंतर ती लाख कोटींत एकाहूनही कमी होते. शक्यतेचा आधारच न घेता, खात्रीने आणि वाजवी वेळात उत्तर देणारी रीत मात्र ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून आली. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी दाखवून दिले की या कामाचा वेळ संख्येच्या किमतीवर नव्हे, तर अंकांच्या संख्येवर आवाक्यात राहील इतपतच वाढतो. व्यवहारात आजही मिलर–राबिनच वापरतात, कारण ती झपाट्याने चालते. कानपूरच्या शोधाचे मोल वेगाचे नाही. मूळपणा ओळखणे हे स्वभावतःच सोपे काम आहे, हे त्याने कायमचे पक्के केले.

वर्तमानपत्रांत येतात त्या मोठ्या मूळ संख्या निराळ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही ४,१०,२४,३२० अंकी आहे. अशा ‘मेर्सेन’ रूपातल्या संख्यांसाठी खास कसोटी उपलब्ध असल्याने विक्रम बहुधा त्यांच्याच नावावर जातात. बातमीच्या शेवटी हमखास एक वाक्य असते की अशा संख्या बँकांच्या आणि इंटरनेटच्या सुरक्षिततेसाठी उपयोगी पडतात. ते चूक आहे. कुलपाच्या कामाला ती संख्या अवाढव्य तर आहेच, शिवाय जगजाहीर आहे, आणि ज्याची किल्ली पेपरात छापून आली ते कुलूप काय कामाचे? उपयोगाच्या मूळ संख्या तीनशे-सव्वातीनशे अंकांच्या, निनावी आणि कोणाच्याही यादीत नसलेल्या असतात.

त्यांचा उपयोग गुणाकारातून येतो. दोन ३०९ अंकी मूळ संख्यांचा गुणाकार करायला संगणकाला क्षणाचाही काही भाग पुरतो. आलेल्या ६१७ अंकी संख्येवरून ते दोन अवयव परत मिळवायची वेगवान रीत मात्र आजच्या संगणकांपाशी नाही. या अंतरावर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली आपली पद्धत उभारली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते.

तिचा गाभा समजायला चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातली एक जुनी व्यवस्था उपयोगी पडते. आलापल्लीच्या सागवानाचा ओंडका बल्लारपूरच्या डेपोकडे निघण्यापूर्वी त्यावर वनविभागाचा हातोडा उमटवतात. हातोडा अधिकाऱ्याच्या ताब्यात असतो. त्याची खूण मात्र वनोपज तपासणी नाक्यावर कोणालाही पाहता येते. खूण करणारा एक, तपासणारे अनेक. सहीचे सारे तत्त्व यात आले. दोन उणिवाही आल्या. उमटलेली खूण पाहून एखादा हुशार लोहार तसाच हातोडा घडवू शकतो. आणि खूण सगळ्या ओंडक्यांवर सारखीच असल्याने ती ओंडक्याविषयी स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. मूळ संख्यांवरची सही या दोन्ही उणिवा भरून काढते: खुणेवरून हातोडा घडवता येत नाही, आणि प्रत्येक कागदावरची खूण त्या कागदाच्या मजकुरातूनच तयार होते.

लहान आकड्यांत ते असे दिसते. ५ आणि ११ या दोन गुप्त मूळ संख्या घ्याव्यात. गुणाकार ५५ जाहीर करावा आणि त्यासोबत घातांक ३ ही जाहीर करावा. गुप्त घातांक काढण्यासाठी (५ – १) आणि (११ – १) यांचा गुणाकार ४० लागतो. ३ ने गुणल्यावर ४० च्या पटीपेक्षा नेमकी १ जास्त येते अशी संख्या २७ आहे, कारण ८१ म्हणजे ८० अधिक १. हा २७ म्हणजे हातोडा. कागदाच्या मजकुराचा गोषवारा आकड्यात ७ असेल, तर ७ चा २७ वा घात करून ५५ ने भागल्यावर उरणारी बाकी २८ ही त्या कागदाची सही. तपासणाऱ्याने २८ चा घन करावा: २१,९५२. त्याला ५५ ने भागले की बाकी ७. गोषवारा जुळला, सही खरी. कोणी मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी गोषवारा ७ राहणार नाही आणि २८ ही सही उघडी पडेल. अर्थात ५५ चे अवयव तिसरीतले मूलही सांगेल, आणि ४० व २७ त्यामागोमाग येतील. ६१७ अंकी संख्येच्या बाबतीत हे पहिले पाऊलच अडते.

भारतात या रचनेला कायद्याचे बळ आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल सहीची रीतच दोन वेगवेगळ्या किल्ल्यांच्या अशा पद्धतीवर बेतलेली आहे. महाराष्ट्रात ती सर्वसामान्यांच्या हाती पोचली ती सातबाऱ्याच्या रूपाने. तलाठ्याने डिजिटल सही केलेला उतारा १५ रुपयांत कोणत्याही संगणकावर उतरवून घेता येतो. तलाठी कार्यालयातला ‘डोंगल’ हा या व्यवस्थेतला हातोडा. गुप्त घातांक त्यातच राहतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि शिक्क्याच्या कागदासाठी दिवसचे दिवस थांबावे लागते. डिजिटल सही केलेली फाइल खरी आहे की नाही हे मात्र नदीच्या अलीकडे बसूनही पाहता येते, आणि त्यासाठी सही करणाऱ्या तलाठ्याला विचारायची गरज पडत नाही. जंगलातल्या दूरदूरच्या गावांना मूळ संख्यांनी दिलेली ही सोय खरीखुरी आहे.

तिचा अर्थ मात्र नेमका घ्यायला हवा. सही एवढेच सांगते की अमुक डोंगलमधून हा मजकूर निघाला आणि त्यानंतर तो बदललेला नाही. मजकुरातली नोंद बरोबर आहे, सर्व्हे नंबरावर नाव असलेला माणूसच जमीन कसतो, किंवा एखाद्या जंगलावर हक्क कोणाचा आहे, याविषयी ती गप्प असते. ‘डिजिटल झाले म्हणजे पारदर्शक झाले’ ही सरकारी भाषा हा फरक पुसून टाकते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर वाद पेटला तो तिथल्या बांबूच्या वाहतूक परवान्यावरून, ज्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात. कोणी खोटा टीपी छापला असा आरोप नव्हता. टीपीचे पुस्तक वनविभागाच्या हाती असावे की ग्रामसभेच्या, एवढाच प्रश्न होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेकडे दिले. खूण खरी की खोटी हे गणित सांगते. हातोडा कोणाच्या हातात असावा हे ठरायला मंत्र्याला गावात यावे लागले.

मूळ संख्यांचा दुसरा गुणधर्म, सामाईक अवयव नसण्याचा, बांबूच्याच निमित्ताने चांगला उलगडतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले काही सिकाडा कीटक १३ किंवा १७ वर्षे जमिनीखाली काढून सगळे एकदम बाहेर येतात. दोन्ही आकडे मूळ असल्याने १३ आणि १७ वर्षांच्या ठरावीक दोन झुंडींची गाठ २२१ वर्षांतून एकदाच पडते. १८०३ नंतर ती थेट २०२४ मध्ये पडली. हे आकडे मूळच का, याची कारणे शिकारी प्राण्यांच्या चक्रात किंवा झुंडींमधला संकर टाळण्यात शोधली जातात, पण तो वाद मिटलेला नाही. बांबू मात्र उलट वागतो. मध्य भारतातल्या जंगलांत मानवेलाबरोबर वाढणारा काटेरी कटांग सुमारे ३२ वर्षांनी सामूहिक फुलोऱ्यावर येतो आणि बी गळून गेल्यावर बेटेच्या बेटे वाळून जातात. मिझोरममधल्या बांबूचे चक्र ४८ वर्षांचे, चीन-जपानमधल्या काही जातींचे ६० आणि १२० वर्षांचे. ३२ म्हणजे पाच वेळा २ चा गुणाकार, ४८ मध्ये चार २ आणि एक ३, आणि ६० व १२० मध्ये २, ३ आणि ५ यांखेरीज काही नाही. एकही मोठा मूळ अवयव नाही. २०१५ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी याचे एक स्पष्टीकरण मांडले. वेगळ्या वर्षी एकटाच फुललेला बांबू आपले सगळे बी उंदरांना आणि पाखरांना देऊन बसतो. चक्र दुप्पट किंवा तिप्पट झालेले झाड मात्र फुलते तेव्हा जुन्या मंडळींच्या सोबतीनेच फुलते. म्हणून चक्रे वाढली ती लहान संख्यांच्या पटीत. सिकाडाला जी गाठ टाळायची असते, तीच बांबूला हवी असते. एकाच्या कामाला मूळ आकडा येतो, दुसऱ्याच्या कामाला भरपूर अवयवांचा.

कुलपांच्या दुनियेत सामाईक अवयव म्हणजे घात. दोन जाहीर ६१७ अंकी संख्यांत एक मूळ अवयव सारखा निघाला, तर तो शोधायला अवयव पाडण्याचे अवघड काम करावेच लागत नाही. मसावि काढायची युक्लिडची भागाकाराची रीत तो क्षणार्धात बाहेर काढते, आणि दोन्ही कुलपे एकदम उघडतात. हे पुस्तकी भय नाही. २०१२ साली दोन संशोधक गटांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी जाहीर संख्या गोळा करून त्यांचे आपसांत मसावि काढले. एका गटाला दर हजारांमागे सुमारे दोन संख्या अशा फुटलेल्या आढळल्या. दोष मूळ संख्यांचा नव्हता. राउटरसारखी स्वस्त उपकरणे सुरू झाल्या झाल्या, पुरेशी यदृच्छा जमण्याआधीच, संख्या निवडून मोकळी होत होती. १ वर शेकडो शून्ये इतकी निवड समोर असताना हजारो यंत्रे त्याच मूठभर संख्यांवर बोट ठेवत होती. मागे उल्लेखलेला ‘तर’ इथे आडवा आला. २०१७ मध्ये तर एका नामांकित चिपमधल्या मूळ संख्या ठरावीक साच्यातून निघत असल्याचे उघड झाले, आणि एस्टोनियाला साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांची प्रमाणपत्रे रोखावी लागली. कसोटीवर त्या सर्व संख्या निर्दोष मूळ होत्या. कसोटी मूळपणा तपासते. संख्या कशी निवडली गेली हे तिला दिसत नाही, आणि सुरक्षितता तर सगळी त्या निवडीत असते.

यानंतर उरतो तो पायाचा प्रश्न. मूळपणा ओळखणे सोपे आहे हे सिद्ध झाले आहे. अवयव पाडणे अवघड आहे हे मात्र कोणीही सिद्ध केलेले नाही. आजवर सोपी रीत सापडली नाही, इतकेच. १९०३ साली फ्रँक कोल यांनी २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या २१ अंकी संख्येचे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव फळ्यावर मांडून दाखवले. आज त्याला साध्या संगणकावर पळही लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आव्हान-संख्या फोडली गेली, पण त्यासाठी हजारो वर्षांच्या संगणक-वेळेइतकी गणना अनेक यंत्रांवर वाटून करावी लागली. ६१७ अंकांपर्यंतचे अंतर अजून फार मोठे आहे. दुसरीकडे, पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले आहे की पुरेशा क्षमतेचा क्वांटम संगणक बनला तर अवयव पाडण्याचे काम सोपे होईल. तसा संगणक अजून उभा राहिलेला नाही, पण जमिनीची कागदपत्रे पिढ्यान्‌पिढ्या टिकायची असतात. आज केलेली सही पन्नास वर्षांनीही ग्राह्य ठरायची असेल, तर पन्नास वर्षांनंतरच्या यंत्रांचा विचार आजच करणे भाग आहे.

तो सुरू झाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने सह्यांसाठी जी नवी मानके जाहीर केली, त्यांत अवयव पाडण्याच्या अवघडपणावर काहीच अवलंबून नाही. त्यांतल्या मुख्य मानकाचा आधार बहुमितीय जाळीतले जवळचे बिंदू शोधण्याच्या कठीणपणावर आहे. त्यातही एक मूळ संख्या आहेच: ८३,८०,४१७. ती सात अंकी आहे, २ चा २३ वा घात वजा २ चा १३ वा घात अधिक १ अशा रूपात लिहिता येते, आणि मानकाच्या पुस्तकात सर्वांसाठी छापलेली आहे. ती मूळ आहे की नाही हे पाहायला मिलर–राबिनची गरज नाही. २,८९४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की काम होते.